रक्तातले कॅल्शियम वाढले, म्हणजे कॅन्सर हाडांत गेलाच का?

(छत्रपती संभाजीनगर येथे मंडळीच्या महिला सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या सभेनंतर चहाच्या वेळी एका भगिनीने मला विचारले, "सिस्टर, कन्नड-सोयगावच्या वस्त्यांवरून तुम्ही कॅन्सरच्या बायका इथे आणता. उपचार तर सरकारी दवाखान्यात होतात. मग आपल्या वर्गणीचा पैसा लागतो कशाला?" प्रश्न रास्त होता. एसटीचे भाडे, सोबतच्या माणसाची राहण्याजेवणाची सोय, कागदपत्रांसाठीच्या खेपा, हे सगळे तुम्हाला माहीत आहे. त्याच पैशातून अधूनमधून एक रक्ततपासणीही होते. त्या तपासणीविषयी आज बोलावे असे मनात आहे. विषय थोडा डॉक्टरी आहे, पण तुमच्यापैकी कोणाच्या घरातही तो येऊ शकतो, म्हणून जरा बारकाईने ऐका.

आमखास मैदानाजवळचे आपले शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२ साली सुरू झाले आणि मुंबईच्या टाटा मेमोरियलशी त्याचे सहकार्य आहे. त्याआधी मराठवाड्यातल्या गरीब बाईला छातीत गाठ आली, तर टाटाला नाही तर बार्शीला जावे लागे. टाटा रुग्णालय १९४१ पासून आहे, पण ज्या बाईने कधी चाळीसगावच्या पुढे रेल्वे पाहिली नाही, तिला परळ कुठे आहे हे काय ठाऊक? आता ती संभाजीनगरपर्यंत येते. ऑपरेशन होते, केमो होते, शेकही मिळतो. हा फार मोठा फरक पडला आहे. तरीही एक जागा अशी आहे जिथे आपल्या बायका अजून हातातून निसटतात. ती म्हणजे रिपोर्टवरचा एक आकडा आणि त्यानंतर कोणीतरी म्हटलेले एक वाक्य: "हाडांत गेलं."

आपल्या वस्तीवरच्या एका भिल्ल बाईचे सांगते. नाव-गाव सांगत नाही. वय पन्नाशीच्या पुढे, नेमके तिलाही माहीत नाही. छातीचे ऑपरेशन होऊन वर्ष झाले होते. नंतर ती सारखी थकलेली, अंग दुखते म्हणायची, मांड्यांची हाडे ठणकायची, पोट साफ व्हायचे नाही, आणि रात्रीतून चार-पाच वेळा लघवीला उठायची. एका खासगी ठिकाणी रक्त तपासले, तर कॅल्शियम ११.९ आले. एक्स-रेत मांडीच्या हाडात पोकळ डाग दिसला. छातीच्या कॅन्सरची बाई, कॅल्शियम वाढलेले, हाडात डाग. तिथे सांगितले, आता पसरले आहे, घरी घेऊन जा, सेवा करा.

तिच्या नवऱ्याने उसतोडीच्या मुकादमाकडून उचल घेऊन ठेवली होती, दोन शेळ्या विकल्या होत्या. तो मला म्हणाला, "ताई, हाडात गेलंय म्हणतेत. आता घरी नेतो. तिकडंच माती होईल तिची." त्याच्या बोलण्यात राग नव्हता, तक्रार नव्हती. आपल्या माणसांची हीच गोष्ट मला सर्वांत जड जाते. शहरातला माणूस दुसऱ्या डॉक्टरचे मत घेतो. वस्तीवरचा माणूस पहिल्याच वाक्याला हुकूम मानतो आणि गाडी पाहायला लागतो.

आता कॅल्शियमचे समजून घेऊ. आपल्या अंगात साधारण एक किलो कॅल्शियम असते, आणि त्यातले शंभरातले नव्याण्णव भाग हाडांत आणि दातांत. उरलेले अगदी थोडे रक्तात फिरते, पण हृदयाचे ठोके, स्नायूंची हालचाल, मेंदूचे काम, सगळे त्या थोडक्यावर चालते. म्हणून शरीर ते फार काटेकोर सांभाळते. बहुतेक लॅबमध्ये ८.५ ते १०.५ हा आकडा बरोबर धरतात. हा हिशेब ठेवणाऱ्या चार लहान ग्रंथी आपल्या गळ्यात, थायरॉईडच्या मागच्या बाजूला चिकटून असतात. त्यांना पॅराथायरॉईड म्हणतात. एकेक ग्रंथी तांदळाच्या दाण्याएवढी. नाव सारखे वाटते, पण थायरॉईडच्या कामाशी यांचा संबंध नाही. तुमच्यापैकी अनेकींना थायरॉईडची गोळी चालू आहे, त्यांनी घाबरू नये.

रक्तातले कॅल्शियम जरा कमी झाले की या ग्रंथी एक रस सोडतात. रिपोर्टवर त्याला 'पीटीएच' लिहितात. तो रस हाडांतून कॅल्शियम काढतो, मूत्रपिंडाला सांगतो की बाहेर टाकू नको, आणि ड जीवनसत्त्वाला कामाला लावून आतड्यातून जास्त शोषून घ्यायला लावतो. कॅल्शियम पुरेसे झाले की ग्रंथी गप्प बसतात. कणगीत धान्य भरले की दार लावून घ्यावे, तसे.

कधी कधी या चारांपैकी एक ग्रंथी बिघडते. तिच्यात एक साधी गाठ होते, बहुतेक वेळा कॅन्सरची नसलेली, आणि ती ग्रंथी गरज असो-नसो रस सोडत राहते. हाडे पोकळ होत जातात, मूत्रपिंडात खडे होतात, माणूस थकतो, पोट धरते, मन उदास होते, विसरायला होते. हा आजार पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो आणि पन्नाशीच्या आसपास व पुढे जास्त दिसतो. छातीच्या कॅन्सरचे वयही पुष्कळदा हेच. त्यामुळे एकाच बाईला दोन्ही असणे काही अशक्य कोटीतले नाही. छातीचा कॅन्सर झालेल्या बायकांमध्ये पॅराथायरॉईडचा हा आजार इतरांपेक्षा जास्त आढळतो, असे परदेशातल्या अनेक डॉक्टरांनी नोंदवले आहे. एकामुळे दुसरा होतो असे सिद्ध झालेले नाही, तेव्हा ज्यांना खड्यांचा त्रास आहे त्यांनी छातीत गाठ शोधत बसू नये. पण कॅन्सर लवकरच्या टप्प्यात असलेल्या बाईचे कॅल्शियम वाढले, तर त्यामागे बऱ्याचदा गळ्यातली ही ग्रंथी असते, पसरलेला कॅन्सर नसतो.

मग ओळखायचे कसे? इथे ती एक रक्ततपासणी येते. कॅन्सर हाडांत गेल्यामुळे कॅल्शियम वाढले असेल, तर गळ्यातल्या चांगल्या ग्रंथी पाहतात की रक्तात कॅल्शियम भरपूर आहे, आणि गप्प बसतात. पीटीएच अगदी खाली जाते. पण दोष ग्रंथीचाच असेल तर कॅल्शियम वाढलेले असूनही पीटीएच वर असते. कधी ते 'नॉर्मल' म्हणून छापून येते, आणि इथे फसगत होते. कॅल्शियम इतके वाढलेले असताना पीटीएच नॉर्मल असणे हेच नॉर्मल नाही. ते खाली जायला हवे होते. घरात चोर शिरलेला असताना कुत्रा नेहमीसारखा झोपलेला असेल, तर त्याला शहाणा कुत्रा म्हणत नाहीत.

कॅन्सरच्या काही गाठी पीटीएचसारखाच दुसरा एक रस तयार करतात. असे काहीतरी असावे, हा अंदाज अमेरिकेतल्या फुलर ऑलब्राइट नावाच्या डॉक्टरांनी १९४१ सालीच केला होता. तो रस प्रत्यक्ष सापडला १९८७ मध्ये. आजच्या पीटीएचच्या तपासणीत हा दुसरा रस मोजला जात नाही. म्हणून तर ही तपासणी दोन कारणांना वेगळे करू शकते.

एक गंमतीची गोष्ट सांगते. या ग्रंथी पहिल्यांदा पाहिल्या गेल्या त्या माणसात नव्हे, आपल्या भारतातल्या गेंड्यात. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात एक भारतीय गेंडा होता, तो १८४९ साली मेला. रिचर्ड ओवेन नावाच्या शास्त्रज्ञांनी त्याची चिरफाड केली आणि गळ्यात एक लहानशी पिवळसर ग्रंथी टिपून ठेवली. माणसातल्या ग्रंथींचे नीट वर्णन स्वीडनमधल्या इव्हार सँडस्ट्रॉम या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने १८८० मध्ये छापले, तेव्हा फारसे कोणी लक्ष दिले नाही. पहिले ऑपरेशन १९२५ साली व्हिएन्नाला झाले, एका ट्राम कंडक्टरवर. त्याची हाडे इतकी ठिसूळ झाली होती की चालणे मुश्किल होते. अमेरिकेत चार्ल्स मार्टेल नावाच्या जहाजाच्या कप्तानाची तर सात ऑपरेशने झाली. सहा वेळा गळ्यात शोधले, सापडली नाही. शेवटी १९३२ मध्ये ती छातीच्या पोकळीत सापडली. आज ऑपरेशनच्या आधी गळ्याची सोनोग्राफी आणि एक खास स्कॅन करतात, त्यात ग्रंथी कुठे लपली आहे ते बहुधा कळते. अनुभवी सर्जनच्या हातून शंभरातल्या पंचाण्णवांहून जास्त लोक बरे होतात.

आपल्या बाईकडे परत येते. आम्ही तिच्या नवऱ्याला म्हणालो, चार दिवस थांबा. रक्ताचा नमुना स्वतः लॅबमध्ये नेऊन दिला, कारण पीटीएचचा नमुना उन्हात तासन् तास पिशवीत राहिला तर आकडा भलताच येतो. हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. पीटीएच नेहमीच्या कितीतरी पट आले. गळ्यात डाव्या बाजूला खाली गाठ दिसली. मांडीतल्या डागाचा तुकडा काढून तपासला, त्यात कॅन्सर नव्हता. या आजारात हाड आतून पोखरले जाऊन असे डाग पडतात, त्यांना ब्राऊन ट्यूमर म्हणतात. एक्स-रेवर आणि स्कॅनवरही ते पसरलेल्या कॅन्सरसारखेच दिसू शकतात. चांगल्या डॉक्टरचीही फसगत व्हावी इतके. पाश्चात्त्य देशांत हा आजार बहुतेक वेळा काही त्रास व्हायच्या आधीच, नेहमीच्या रक्ततपासणीत पकडला जातो. आपल्याकडे मात्र रुग्ण हाडे दुखायला, मोडायला लागल्यावर आणि खडे झाल्यावर येतात. आपल्याकडच्या बायकांमध्ये ड जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास असते, त्यानेही हाडांचे हाल वाढतात.

ऑपरेशन झाले. कॅल्शियम उतरले. पण खरी काळजी पुढे होती. इतकी वर्षे लुटली गेलेली हाडे ऑपरेशननंतर अधाशासारखी कॅल्शियम ओढून घेतात आणि रक्तातले एकदम खाली येते. ओठांना, बोटांना मुंग्या येतात, हात वाकडे होतात, झटकेही येऊ शकतात. दवाखान्यातून घरी सोडताना गोळ्या देतात, पण घर जर संभाजीनगरपासून शंभर किलोमीटरवर डोंगराच्या कुशीत असेल, आणि गोळ्या आठ दिवसांत संपल्या तर? आपल्या कार्यकर्त्या बहिणीने दीड महिना दर आठवड्याला वस्तीवर गोळ्या पोचवल्या आणि तिच्या सासूला शिकवले की बोटांना मुंग्या आल्या की ताबडतोब फोन करायचा. वर्गणीचा पैसा इथे लागला, भगिनींनो. पीटीएचच्या तपासणीला खासगी लॅबमध्ये हजार-दीड हजार पडले असतील. गोळ्या आणि फेऱ्या यांना त्याहून जास्त.

ती आज लाकडे आणते असे म्हणत नाही, आणू नको असे आम्हीच सांगितले आहे. पण ती चालते, स्वयंपाक करते, आणि छातीच्या कॅन्सरची गोळी चालू आहे. तो आजार गेला असे कोणी म्हटलेले नाही. त्याची तपासणी दर काही महिन्यांनी व्हायचीच आहे.

सगळ्यांचे असेच होते असे तुम्ही समजाल, म्हणून दुसरीचेही सांगते. ती ठाकर समाजाची, वय कमी, घरी लग्नाची मुलगी. तिचे कॅल्शियम १४ च्या वर गेले होते. दोन-तीन आठवड्यांत सगळे घडले. ती घरच्यांना ओळखेना, बडबडू लागली, उलट्या थांबेनात. वस्तीवर भगत बोलावला होता. आम्ही पीटीएच केले, ते जवळजवळ शून्यावर. कॅन्सर खरोखरच हाडांत होता. पण "घरी न्या" हे तेव्हाही उत्तर नव्हते. सलाईन भरपूर दिले, मूत्रपिंडाची तपासणी करून झोलेड्रोनिक ॲसिडचे एक इंजेक्शन सलाईनमधून दिले. हे औषध हाडांतून कॅल्शियम सुटणे रोखते. चार-पाच दिवसांत ती शुद्धीवर आली, मुलीला नावाने हाक मारली. पुढचे काही महिने ती स्पष्ट बोलत होती. तेवढ्यात तिने मुलीचे ठरवले, जमिनीच्या वनपट्ट्याच्या कागदावर अंगठा दिला, आणि ज्या दिराशी सहा वर्षे बोलणे नव्हते त्याला बोलावून घेतले. ती गेली तेव्हा वेदनेची औषधे चालू होती आणि ती घरी होती. हेही आपलेच सेवाकार्य.

अजून दोन-तीन गोष्टी सांगून थांबते, कारण जेवणाची वेळ होत आली आहे.

आपल्या बायकांच्या बाबतीत कॅल्शियमचा आकडा उलटाही फसवतो. रक्तातले बरेचसे कॅल्शियम अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाला धरून असते. उपासमारीने आणि आजारपणाने अल्ब्युमिन कमी झाले की एकूण कॅल्शियम कमी दिसते. अल्ब्युमिन ४ धरून, त्याच्या खाली दर १ अंकामागे ०.८ मिळवायचे, असा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे कॅल्शियम ९.८ आणि अल्ब्युमिन २ असेल, तर खरे कॅल्शियम ११.४ धरावे लागेल. रिपोर्टवर मात्र ९.८ पाहून सगळे निश्चिंत. कुपोषित बाईचा रिपोर्ट वाचताना हे विचारलेच पाहिजे.

दुसरे, कॅल्शियम वाढण्याची कारणे ही दोनच नाहीत. क्षयरोगातही ते वाढू शकते, आणि आपल्या वस्त्यांवर क्षय किती आहे ते तुम्ही जाणता. अशक्तपणा आला की गावातल्या डॉक्टरकडून ड जीवनसत्त्वाचे ६ लाख युनिटांचे इंजेक्शन घ्यायचे, महिन्याने पुन्हा घ्यायचे, ही एक नवीच पद्धत पडली आहे. वारंवार घेतले तर तेही कॅल्शियम वाढवते आणि मूत्रपिंड खराब करते. कॅन्सरच्या काही गोळ्यांनी हाडे विरळ होतात म्हणून सोबत कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या जातात. ते योग्यच आहे, पण त्या सुरू करण्याआधी एकदा कॅल्शियम तपासलेले असावे. आणि ज्या बाईचे कॅल्शियम वाढलेले आहे, तिला शेजारणीने प्रेमाने दिलेल्या गोळ्या चालू आहेत का, ते पिशवी उलटी करून पाहावे. मी नेहमी पिशवी उलटी करते. त्यातून काय काय निघते, ते वेगळ्या भाषणाचा विषय होईल.

तिसरे, जुने रिपोर्ट. पाच वर्षांपूर्वी खड्याच्या त्रासात काढलेल्या रिपोर्टमध्येही कॅल्शियम ११ असेल, तर डॉक्टरांचा विचार तिथेच बदलतो. कारण पसरलेला कॅन्सर पाच वर्षे एका जागी शांत बसत नाही, ग्रंथीचा आजार बसतो. वस्तीवर कागद चुलीजवळच्या फडताळात असतात, उंदीर खातात, पावसात भिजतात. म्हणून आपण प्लास्टिकच्या फाईली वाटल्या. तेव्हा काहींना तो खर्च उगाच वाटला होता. मला तो आजवरचा सर्वांत चांगला खर्च वाटतो.

ज्यांच्या घरात छातीच्या कॅन्सरचा रुग्ण आहे, त्यांनी जास्त तहान, जास्त लघवी, बद्धकोष्ठ, मळमळ, झोपाळूपणा किंवा बोलण्यात गोंधळ दिसला तर "केमोमुळे असेल" म्हणून बसू नये. लवकर दाखवावे, आणि कॅल्शियम वाढले आहे असे सांगितले तर नम्रपणे एवढेच विचारावे, "डॉक्टरसाहेब, पीटीएच पाहिले का?" डॉक्टर रागावत नाहीत. मला आजवर कोणी रागावलेले नाही.

मार्कच्या शुभवर्तमानात ती बाई आहे, बारा वर्षे आजारी, सगळी मिळकत वैद्यांवर घालवलेली आणि तरीही दुखणे वाढलेले. आपल्या वस्त्यांवर मला ती अनेक घरांत भेटते. तिने गर्दीतून हात पुढे केला. आपल्या बायका गर्दीपर्यंतच पोचत नाहीत, म्हणून कोणीतरी सोबत जावे लागते.

पुढच्या महिन्यात कन्नडच्या बाजूच्या वस्त्यांवर तपासणीचा दिवस ठेवला आहे. बायकांना जुने सगळे कागद फाईलमध्ये घालून आणायला सांगितले आहे. नमुने त्याच दिवशी थंड पेटीतून शहरात आणायचे आहेत, त्यासाठी एक गाडी आणि दोन बर्फाच्या पेट्या हव्या आहेत. ज्यांना देता येईल त्यांनी आज जाण्यापूर्वी पाळकसाहेबांकडे नाव लिहून द्यावे. सोबत येऊ इच्छिणाऱ्यांनी पहाटे साडेपाचला चर्चच्या फाटकापाशी यावे, चहा आमच्याकडून. जय ख्रिस्त.